फिरून आल्यावर घर का खायला उठतं?

परतल्यावरच्या पहिल्या रात्री मी अंधारात भिंत चाचपत उभी होते. दिव्याचं बटण काही सापडेना. खोली माझीच, गेली अकरा वर्षं मी तिथेच झोपते. पण हात फिरत होता डावीकडच्या भिंतीवर, कारण आधीचे नऊ दिवस जिथे मुक्काम होता तिथे बटण डावीकडे होतं. शेवटी ते सापडलं, दिवा लागला, आणि आपण भलत्याच कुणाच्या घरात शिरलोय असं क्षणभर वाटलं. बॅग दाराशी ठेवली होती. ती पुढचे सहा दिवस तिथेच राहिली.

हे अनेकांचं होतं. 'जरा फिरून ये, मन शांत होईल' असं चार जण सांगतात म्हणून आपण निघतो. तिथे खरंच बरं वाटतं. आणि घरी आल्यावर दोन-चार दिवसांत आधीपेक्षा जास्त बेचैनी. घर खायला उठतं, कामात लक्ष लागत नाही, फोनवर बोटं आपसूक पुढच्या तिकिटांकडे वळतात. ज्यांचा जीव मुळात स्वस्थ आहे त्यांना याचा फारसा त्रास होत नाही. ज्यांच्या पायाला भिंगरी आहे त्यांनाच होतो. म्हणजे औषध ज्याला दिलं त्यालाच ते बाधलं. असं का, ते पायरी-पायरीने बघू.

'अस्वस्थ' म्हणजे नेमकं काय?

मराठीत या अवस्थेला शब्दांची ददात नाही. रुखरुख, घालमेल, तगमग, चलबिचल, हुरहूर. वरवर सगळे सारखे, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रुखरुख लागते ती झाल्या-गेल्या गोष्टीची. घालमेल होते ती दोन टोकांत अडकल्यावर. हुरहूर मात्र निरोपाचीही लागते आणि उद्याचीही, आणि नेमकं काय हवंय ते तिचं तिला माहीत नसतं. अशा माणसाला विचारा, 'काय झालं?' तो म्हणेल, 'काही नाही, असंच.' या लेखातला अस्वस्थपणा म्हणजे हे 'असंच'.

ते किती खोल असतं याचा एक गमतीशीर पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवायचं. फोन नाही, पुस्तक नाही. जवळ फक्त एक बटण, जे दाबलं की स्वतःलाच विजेचा सौम्य झटका बसतो. हा झटका सगळ्यांनी आधी अनुभवला होता, आणि तो टाळायला आपण पैसे मोजू असंही त्यांनी सांगितलं होतं. तरी १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी बटण दाबलं. पाव तास स्वतःसोबत बसण्यापेक्षा झटका बरा!

पक्ष्यांमध्ये तर ही तगमग मोजताही येते. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवलं, दाणापाणी भरपूर दिलं, तरी ऋतू आला की तो रात्र-रात्र फडफडत राहतो. जर्मन अभ्यासकांनी याला शब्द दिला 'त्सूगउनरूह', म्हणजे निघण्याच्या वेळची बेचैनी. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा केला. तळाशी शाईची गादी, भोवती टिपकागद. पक्षी उडी मारायचा, घसरून खाली यायचा, पुन्हा उडी मारायचा. सकाळी कागदावर शाईच्या पावलांचे ठसे दिसत, आणि ते भलतीकडे पसरलेले नसत. जिकडे जायचं त्या दिशेला त्यांची दाटी असे. काही जातींमध्ये तर असंही दिसलं, की ज्यांचा पल्ला लांबचा त्यांची पिंजऱ्यातली तगमगही जास्त रात्री चालते.

माणूस काही पक्षी नाही. आपल्या कागदावरचे ठसे चहूकडे उमटलेले असतात, आणि खरी पंचाईत तीच आहे.

अंधारातली शेवटची पायरी

आता मेंदूकडे वळू. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि पाय जमिनीवर आपटतो. पडत नाही, लागत नाही, पण सगळं अंग दचकतं. का? कारण पायरी कुठे असेल हे मेंदूने आधीच ठरवून ठेवलं होतं. मेंदू नुसता बघत बसत नाही. पुढे काय येणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जो फरक पडतो, त्याला आपण 'अंदाजचूक' म्हणू.

या लेखात पारिभाषिक म्हणावेत असे शब्द थोडेच आहेत. त्यांतला हा एक. दुसरा डोपामाइन. हे मेंदूतलं एक रसायन. त्याला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते तितकंसं बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अचानक फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात पेटतात. मग रसाआधी ठरलेला इशारा यायला लागला की काही दिवसांत त्या इशाऱ्यावरच पेटू लागतात, आणि प्रत्यक्ष रस मिळतो तेव्हा ढिम्म! इशारा होऊनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही खाली जातात. म्हणजे या पेशींना खरा रस आहे तो अंदाजचुकीत. अपेक्षेपेक्षा बरं घडलं की वर, अपेक्षेइतकंच घडलं की जैसे थे.

रोजच्या घरात अंदाज क्वचितच चुकतो. किल्ली कुठे, बटण कुठे, कोण काय बोलणार, सगळं पाठ. बहुतेकांना याच गोष्टीचा आधार वाटतो. हुरहुरत्या माणसाला मात्र यातच कोंडल्यासारखं होतं.

तिकीट काढलं तेव्हाच गंमत झाली

इशाऱ्यावर पेटणारं माकड आठवा आणि स्वतःकडे बघा. तारीख ठरली, तिकीट हातात आलं, की पुढचे आठवडे कसे तरंगत जातात! नेदरलँड्समध्ये १५३० प्रौढांची पाहणी करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीला निघालेले लोक निघण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र जे कुठेच गेले नव्हते त्यांच्यात आणि यांच्यात जवळजवळ फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती, त्यांच्यातच काही काळ परिणाम टिकला.

याला अपेक्षाभंग म्हणायची घाई नको. प्रवासाचा बराचसा आनंद प्रवासाच्या आधीच खर्च होतो, एवढंच. आणि अस्वस्थ जिवाची इथे एक खोड आहे. आधीचा आनंद हाती लागतो म्हणून तो एक प्रवास संपायच्या आत पुढचा ठरवून ठेवतो. समोर समुद्र आहे आणि हा फोनवर डोंगरातल्या खोल्या बघतोय. माझ्या ओळखीत असे चार जण आहेत. आरशात धरून पाच.

तिथे पोचल्यावर शरीरात काय चालतं?

पहिली रात्र घ्या. नव्या जागी झोप लागत नाही याला आपण 'जागा बदलली' म्हणून सोडून देतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचा काही भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीकशा वेगळ्या आवाजालाही चटकन प्रतिसाद देतो. घरातला एक माणूस दारापाशी जागा राहावा आणि बाकीच्यांनी झोपावं, तसंच हे. पुढच्या खेपेला तिथेच झोपल्यावर हा फरक उरला नाही. पण रोज मुक्काम बदलणाऱ्याची रोजच पहिली रात्र असते.

लांबचा विमानप्रवास असेल तर घड्याळाची भर पडते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप, भूक, शरीराचं तापमान यांची वेळ तो सांभाळतो. हे घड्याळ दिवसाला साधारण एखाद तासानेच सरकतं. बहुतेकांच्या शरीराचा दिवस २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे तो आणखी लांबवणं त्या मानाने सोपं, आखडणं अवघड. म्हणून पश्चिमेकडे जाणं निभावतं आणि पूर्वेकडे जाणं जड जातं. पूर्वेला गेल्यावर पहाटे तीनला छताकडे बघत 'माझ्या आयुष्याचं काय चाललंय' असे मोठे प्रश्न पडतात. त्यातला निम्मा दोष त्या पुंजक्याचा असतो, आयुष्याचा नव्हे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, ती म्हणजे नकाशा. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. तो आठवणीही सांभाळतो आणि जागाही. जॉन ओकीफ यांनी १९७१ साली उंदरांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, ज्या ठरावीक जागी पोचल्यावरच पेटतात. २००५ साली मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी त्याच्या शेजारच्याच भागात आणखी एका प्रकारच्या पेशी शोधल्या. त्या जागेवर जणू मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी आखतात. तिघांना मिळून २०१४चं नोबेल मिळालं. नव्या जागी गेल्यावर या पेशींची मांडणी बदलते आणि काही मिनिटांत नवा नकाशा उभा राहू लागतो. आठवण आणि जागा यांचं खातं एकच असल्यामुळे आठवणी जागेच्या खुंट्यांना टांगलेल्या असतात. जागा बदलली की रोजच्या खुंट्या गळून पडतात, आणि कधी वर्षानुवर्षं न आठवलेला माणूस एकदम आठवतो. अनोळखी गावातल्या पुलावर उभं असताना डोळे का भरून आले याचं उत्तर दर वेळी त्या पुलापाशी सापडत नाही.

वेळ लांबतो, मग आखडतो

जाताना रस्ता संपत नाही, येताना चुटकीसरशी संपतो. नील्स फान डे फेन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे तपासलं. रस्ता ओळखीचा झाल्यामुळे असं होतं म्हणावं, तर तितक्याच लांबीच्या वेगळ्या रस्त्याने परतलं तरी तसंच वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की जाताना आपण वेळेचा अंदाज फार आशेने बांधतो आणि तो चुकतो. येताना आपण शहाणे झालेलो असतो. पुन्हा तीच अंदाजचूक.

दिवसांचंही तसंच. नव्या गोष्टींनी भरलेला आठवडा आठवताना लांब वाटतो, आणि रोजच्यासारखा गेलेला महिना आठवणीत चिमूटभर उरतो. अस्वस्थ माणसाला आयुष्य हातातून निसटतंय अशी धास्ती असतेच. त्यामुळे हा लांबलेला आठवडा त्याला फार मोलाचा वाटतो.

'पण मला तर प्रवासातच शांत वाटतं!'

हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. फक्त त्याचा अर्थ लावताना गफलत होते.

जात्यात दाणे नसताना ते फिरवलं तर दगडावर दगड घासतो. आवाजही होतो आणि झीजही. त्याच जात्यात मूठभर धान्य टाकलं की घरघर मऊ होते. जातं थांबलेलं नसतं, त्याला दळायला काहीतरी मिळालेलं असतं. हुरहुरतं मन हे असं रिकामं फिरणारं जातं. प्रवासात त्याला दर पावलाला मूठ मिळते. पाटी वाचा, फलाट शोधा, सुटे पैसे मोजा, अनोळखी चेहऱ्यावरून अंदाज बांधा. ज्या सावधपणाला घरी काहीच काम नव्हतं, त्याला इथे पगारी नोकरी लागते. याला आपण शांती म्हणतो.

भर पडते ती नावाची. छाती धडधडणं, हाताला घाम येणं, झोप उडणं या खुणा भीतीच्याही असतात आणि आनंदाच्याही. त्यांना काय म्हणायचं हे मेंदू आजूबाजूला बघून ठरवतो. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. पूल १३७ मीटर लांब आणि नदीपासून सुमारे ७० मीटर उंच. हा पूल ओलांडणाऱ्या पुरुषांनी तिथे भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करण्याचं प्रमाण कमी उंचीच्या, भक्कम पुलावरून आलेल्या पुरुषांपेक्षा जास्त निघालं. धडधड पुलाची, नाव मात्र दिलं आकर्षणाचं. उंच पुलावर जाणारी माणसं मुळातच वेगळ्या स्वभावाची असतील, अशी टीका या प्रयोगावर झाली आणि ती रास्त आहे. पण मूळ मुद्दा रोजच्या अनुभवातही दिसतो. घरी बसल्या बसल्या छाती धडधडली की आपण म्हणतो, 'मला काहीतरी होतंय.' फलाटावर तीच धडधड झाली की म्हणतो, 'निघालो एकदाचे!' अस्वस्थपणा तोच, प्रवासात त्याला चारचौघांत सांगता येईल असं नाव मिळतं.

'म्हणजे हे रक्तातच असतं का?'

'भटकंतीचं जनुक सापडलं' असे मथळे अधूनमधून फिरतात. त्यामागे डोपामाइनशी संबंधित एका जनुकाचं एक रूप आहे. ज्या मानवसमूहांचे पूर्वज लांबवर स्थलांतर करत गेले त्यांच्यात ते जास्त आढळतं, असं १९९९ च्या एका अभ्यासात दिसलं. पण समूहांमध्ये नातं दिसणं वेगळं आणि 'तुमच्यात हे जनुक आहे म्हणून तुम्ही भटके' असं म्हणणं वेगळं. स्वभाव असंख्य जनुकं आणि त्याहून जास्त अनुभव मिळून घडतो. नव्याची ओढ काही अंशी जन्मतः येते, इतपत म्हणता येईल. त्यापुढचं सगळं मथळेवाल्यांचं.

परतल्यावरची घसरण

आता बॅगेकडे येऊ. परदेशात गेल्यावर येणाऱ्या गोंधळाला 'कल्चर शॉक' म्हणतात, आणि मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५०च्या दशकात तो शब्द रूढ केला. १९६३ साली गुलाहॉर्न दांपत्याने त्यापुढचं मांडलं. परदेशात राहून मायदेशी आलेल्या माणसाला तोच गोंधळ पुन्हा होतो, आणि या वेळी आपल्याच घरी.

ही दुसरी खेप जास्त बोचते, कारण तिची तयारी नसते. परक्या ठिकाणी अडखळायचं हे गृहीत असतं. घरी अडखळलो तर दोष कुणाला द्यायचा? शिवाय मेंदूचा अंदाज आता वेगळ्या मापाला सरावलेला असतो. दर तासाला काहीतरी नवं मिळायची अपेक्षा, आणि इथे तोच जिना, तेच कोपरे. इशारा झाला, रस आला नाही. माकडाच्या पेशी अशा वेळी खाली गेल्या होत्या. जातं अजून त्याच वेगाने फिरतंय, दाणे मात्र संपलेत.

त्यात आठवण लबाडी करते. सहलीत असताना लोक जेवढे खूश असतात त्यापेक्षा सहल नंतर जास्त छान आठवते, हे अभ्यासांतही दिसलंय. दुखणारे पाय, रांगा, कुरबुरी गळतात आणि एक सोनेरी दुपार उरते. मग आजच्या साध्या मंगळवारची तुलना होते ती खऱ्या सहलीशी नाही, तर या निवडून ठेवलेल्या सहलीशी. यात मंगळवार हरणारच.

ही घसरण बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या दिवसांत नोकरी सोडण्याचे, घर विकण्याचे किंवा 'आता कायमचं तिकडेच' असे निर्णय घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या महिन्यातही तेच वाटत असेल, तर ते मनापासून आहे असं धरायला हरकत नाही.

हुरहूर कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

१८८६ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात आल्बेर दादा नावाचा एक गॅस-जोडारी रुग्णालयात दाखल झाला. त्याला अधूनमधून निघून जाण्याचा झटका यायचा. दिवसच्या दिवस चालत तो दूरदेशी, पार मॉस्कोपर्यंत पोचायचा आणि शुद्धीवर आला की इथे कसा आलो हे त्याला सांगता यायचं नाही. त्याच्या डॉक्टरांनी यावर प्रबंध लिहिला आणि युरोपात काही वर्षं अशा 'चालत सुटणाऱ्या' रुग्णांची जणू साथच आली. हुरहुरता माणूस निघतो तेव्हा त्याला आपण निघालोय हे माहीत असतं. मोठा फरक तो.

आज जपायच्या गोष्टी जास्त साध्या आहेत. ज्यांना बायपोलर आजार आहे, म्हणजे मन अतिउत्साह आणि खोल उदासी या दोन टोकांत जातं, त्यांना झोप मोडल्याने झटका येऊ शकतो. लांबच्या विमानप्रवासाआधी त्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात. मलेरिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेफ्लोक्विन या औषधाने काहींना तीव्र चिंता, भास असे त्रास होतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तेव्हा प्रवासात मन एकदम सैरभैर झालं, तर 'मी असाच आहे' म्हणण्याआधी औषधांची पिशवी तपासा.

'मग काय, घरातच बसायचं?'

छे. पक्ष्याचा पिंजरा बंद ठेवून त्याची तगमग जात नाही, ठसे फक्त वाढतात. पण औषधाची मात्रा बदलता येते. प्रवासातून आल्या आल्या दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याऐवजी मधे एक कोरा दिवस ठेवला तर उतार सौम्य होतो. कमी ठिकाणं आणि जास्त मुक्काम ठेवला तर 'पहिल्या रात्री' कमी होतात आणि मेंदूचा पहारेकरी झोपतो. आणि नवेपणा अंतरावर अवलंबून नाही. अंदाज चुकला पाहिजे इतकंच. रोजच्या रस्त्याच्या उलट बाजूने चाललं तरी दुकानांच्या पाट्या नव्याने वाचाव्या लागतात. अर्थात ज्याला समुद्र हवाय त्याला गल्लीची उलटी बाजू सांगणं हा थोडा अन्यायच आहे, हे कबूल.

माझी बॅग मी सातव्या दिवशी उघडली. तळाशी तिथल्या खोलीची किल्ली निघाली, परत द्यायची राहून गेलेली. ती मी टपालाने पाठवून दिली, आणि पाकिटावर पत्ता लिहिताना त्या गल्लीचं नाव न बघता लिहिता आलं. त्या रात्री दिव्याचं बटण उजवीकडे सापडलं.